छोट्या गाडीत रोल केज बसवायचा, तर आतून काय काय बदलावं लागतं?

जानेवारी २०२०. मॉन्टे कार्लो रॅलीत एस्टोनियाचा जगज्जेता ड्रायव्हर ओट टॅनाक आणि त्याचा सहचालक मार्टिन यार्वेओया ह्युंदाई आय-२० घेऊन फ्रान्समधल्या डोंगराळ रस्त्यावरून सुसाट निघाले होते. वेग ताशी सुमारे १८० किलोमीटर. रस्त्यातल्या एका उंचवट्यावर गाडीचा तोल गेला, ती कडेवरून खाली फेकली गेली आणि कोलांट्या खात खालच्या रस्त्यावर येऊन थांबली. गाडीतल्या कॅमेऱ्याने टिपलेला तो व्हिडिओ बघताना अंगावर काटा येतो. दोघांनाही तपासणीसाठी रुग्णालयात नेलं, पण गंभीर इजा कोणालाच झालेली नव्हती.

आय-२० म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सोसायटीच्या पार्किंगमधली गाडी येते. टॅनाकची गाडी नावाने आणि चेहऱ्याने तीच असली, तरी तिचं दार उघडून आत डोकावलं तर ओळख पटणार नाही. आत कार्पेट नाही, मागची सीट नाही, छताचं अस्तर नाही. आहे तो फक्त उघडा पत्रा आणि त्याला आतून बिलगून गेलेल्या पोलादी नळ्यांचं जाळं. या जाळ्याला रोल केज म्हणतात. आपल्याकडचे रॅलीवाले नुसतं ‘केज’ म्हणतात, काही जण सरळ ‘पिंजरा’ म्हणतात.

हा पिंजरा गाडीत बसतो कसा, त्यासाठी काय काय कापावं-काढावं लागतं, आणि तो बसवल्यावर ती गाडी रोजच्या वापरासाठी का ठेवता येत नाही, हे आज समजून घेऊ. उदाहरण म्हणून आपल्या ओळखीची गाडी घेऊ: फोक्सवॅगन पोलो. पुण्याजवळच्या चाकणला बनलेली ही गाडी २०१० साली बाजारात आली आणि २०२२ मध्ये बंद झाली. पण शर्यतींत तिचं नाव चांगलंच गाजलं. २०१० सालीच आपल्याकडे फक्त पोलोंची अशी वेगळी शर्यत-मालिका सुरू झाली आणि पुढे राष्ट्रीय रॅली स्पर्धांतही पोलो भरपूर दिसली. त्या स्पर्धेच्या फेऱ्या आपल्या नाशिकच्या आसपासही झालेल्या आहेत.

पिंजऱ्याचं काम काय?

गाडी उलटली की सगळा भार छतावर येतो. कारखान्यातून आलेल्या गाडीचं छत ठरावीक भार सहन करतं, पण वेगात चार-पाच कोलांट्या, त्यातच झाड किंवा दगड, असा मार खायला ते बनवलेलं नसतं. पत्रा चेपतो, खांब वाकतात आणि आतल्या माणसासाठी असलेली जागा कमी होते. ती जागा शाबूत ठेवणं हे पिंजऱ्याचं पहिलं काम.

त्याची रचना समजायला अवघड नाही. ड्रायव्हरच्या सीटच्या लगेच मागे, गाडीच्या रुंदीभर, जवळपास उभी अशी एक मोठी कमान असते. ही मुख्य कमान. तिच्यापासून दोन नळ्या छताच्या कडेने पुढे जातात आणि समोरच्या काचेच्या खांबालगत खाली उतरून जमिनीला टेकतात. आणखी दोन नळ्या कमानीच्या माथ्यापासून तिरप्या मागे, मागच्या चाकांच्या वरच्या भागाजवळ जातात. जागतिक मोटर स्पर्धांची संघटना एफआयए हिच्या नियमाप्रमाणे या मागच्या नळ्या सरळ असाव्या लागतात आणि उभ्या रेषेशी त्यांचा कोन किमान ३० अंशांचा असावा लागतो.

यात सगळ्यात मोलाच्या असतात त्या तिरप्या नळ्या. शेताचं लाकडी फाटक आठवा. चार फळ्यांची नुसती चौकट केली तर महिन्याभरात ती एका बाजूला कलंडते. तिला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी पट्टी ठोकली की फाटक वर्षानुवर्षं जागेवर राहतं. चौकोन ढकलला की वाकडा होतो. त्रिकोण वाकडा व्हायचा तर त्याची एखादी बाजू मोडावी किंवा ताणली जावी लागते. म्हणून मुख्य कमानीत तिरपी नळी, छताला तिरपी नळी, दारात फुलीसारख्या दोन नळ्या. तिरपी नळी नसलेली नुसती कमान बघितली, तर ती शोभेसाठी आहे असं समजायला हरकत नाही.

आधी गाडी रिकामी करा

नळ्यांना हात लावण्याआधी कित्येक दिवस नुसतं काढण्याचं काम चालतं. बॅटरी सोडवायची, थोडा वेळ थांबायचं आणि मग एअरबॅग काढायच्या. एअरबॅगच्या आत स्फोटक पदार्थ असतो, त्यामुळे हे काम माहीतगाराकडूनच करून घ्यावं लागतं. एअरबॅग तशीच ठेवून शेजारी वेल्डिंग करणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं आहे.

मग सीट, पट्टे, कार्पेट, दारांची आतली पॅनेल, छताचं अस्तर, खांबांवरची प्लॅस्टिकची आवरणं. आपल्याला गाडीचं ‘इंटिरिअर’ म्हणून जे काही दिसतं ते जवळपास सगळंच बाहेर येतं. पोलोसारख्या गाडीत मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, आणि वेल्डिंग नेमकं तिच्या आसपासच होणार असतं. म्हणून टाकीही उतरवावी लागते. खालून गेलेल्या पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला घ्याव्या लागतात. समोरची काच काढलेली बरी, कारण वेल्डिंगच्या ठिणग्या काचेवर उडाल्या की बारीक डाग पडतात आणि ते कशानेही निघत नाहीत. इंजिनाचा कॉम्प्युटर सोडवून ठेवतात, वायरिंग गोळा करून लांब बांधतात.

याच टप्प्यावर नवखे लोक ज्याला कंटाळतात ते काम येतं. कार्पेटखाली पत्र्यावर जाड डांबरी थर चिकटवलेले असतात. गाडीत आवाज आणि थरथर कमी व्हावी म्हणून कारखान्यातच ते लावतात. वेल्डिंगच्या जागी हा थर राहिला तर तो पेटतो, धूर करतो आणि वेल्ड सच्छिद्र होतो. हॉट एअर गनने तापवून, पत्र्याच्या खरवडणीने तो काढावा लागतो. दुसरा मार्ग त्याच्यावर कोरडा बर्फ ठेवण्याचा. थंडीने डांबर कडक होतं आणि हातोडीने हलकेच ठोकलं की त्याचे तुकडे उडतात. सांध्यांत भरलेलं सीलर आणि वेल्डिंगच्या जागचा रंगही घासून काढायचा, अगदी चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. दोन दिवस गुडघ्यांवर बसून हे केलं की पुढचं काम निम्मं सोपं होतं.

छोट्या गाडीत सेंटिमीटरचा हिशेब

मोठ्या एसयूव्हीत पिंजरा बसवणं तुलनेने सोपं, कारण आत जागा असते. चार मीटरच्या आतल्या गाडीत मात्र प्रत्येक सेंटिमीटरसाठी झटापट होते. मुख्य कमानीची नळी ४५ मिमी जाडीची धरली, तर दोन्ही बाजू मिळून ९ सेंटिमीटर रुंदी नुसत्या नळीतच जाते. शिवाय नळी आणि पत्रा यांच्यामध्ये थोडी फट राहिली, तर तेवढी आणखी कमी.

म्हणून चांगला फॅब्रिकेटर नळी खांबाला जितकी चिकटून नेता येईल तितकी नेतो. खांबावरचं प्लॅस्टिक आवरण आणि पट्ट्याचं रीळ काढल्यावर जी दोन-तीन सेंटिमीटर जागा मिळते, ती सोन्यासारखी असते. आधी पुठ्ठ्याचे किंवा जाड तारेचे साचे करून गाडीत धरून बघतात. काही जण प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपाचा पूर्ण नमुना पिंजरा बनवतात, त्यात माणूस हेल्मेट घालून बसवतात, मान सगळीकडे वळवायला लावतात आणि मगच पोलाद कापतात. हा वेळ वाया गेलेला नसतो. वाकवलेली नळी सरळ करता येत नाही. अर्धा सेंटिमीटर चुकली तरी ती भंगारात जाते.

उंचीचा प्रश्न आणखी अवघड. छताखालून ४ सेंटिमीटर नळी, तिच्यावर पॅडिंग, आणि खाली हेल्मेट घातलेलं डोकं. सहा फुटी माणसाचं हेल्मेट पोलोत नळीला टेकणारच. त्यावर उपाय म्हणजे सीट खाली घेणं. मूळ सीटचे रूळ आणि पाया काढून शर्यतीची सीट जवळजवळ जमिनीलगत, आणि थोडी आतल्या बाजूला, बसवतात. सीट खाली गेली की स्टिअरिंग उंच वाटायला लागतं, पेडल लांब पडतात, बोनेट दिसेनासं होतं. म्हणजे तेही सगळं पुन्हा जुळवून घ्यायचं. एक नळी आत आली की ती आपल्याबरोबर दहा बदल घेऊन येते.

नळी कोणती?

या बाबतीत काटकसर करणाऱ्यांबद्दल मला जराही सहानुभूती नाही.

एफआयएच्या नियमांत थंड अवस्थेत ओढून बनवलेली, बिनसांध्याची कार्बन पोलादाची नळी सांगितलेली आहे. बाजारात तिला सीमलेस पाइप म्हणतात. तिची ताणशक्ती चौरस मिलिमीटरला किमान ३५० न्यूटन असावी लागते. मुख्य कमानीसाठी ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी व्यास आणि २ मिमी जाडी. इतर भागांसाठी ३८ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ४० मिमी व्यास आणि २ मिमी जाडी. नळी तापवून वाकवायची नाही, थंडच वाकवायची. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी. आणि वाकवताना नळी चपटी होऊ द्यायची नाही: वळणावरचा लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पटीपेक्षा कमी चालत नाही.

हे सगळं कशासाठी? खिडकीच्या ग्रिलची कामं करणाऱ्या दुकानात पाण्याचा जीआय पाइप वाकवून ‘केज’ बनवून मिळतो म्हणून. दिसायला तो तसाच दिसतो. पण त्या पाइपाला लांबीभर एक जोड असतो, जस्ताचा थर वेल्डमध्ये मिसळून सांधा कमजोर करतो आणि वेल्डिंग करणाऱ्याच्या छातीत विषारी धूर जातो. वाळू भरून, तापवून वाकवलेल्या वळणावर बाहेरची बाजू पातळ झालेली असते. गाडी उलटेपर्यंत यातलं काहीच कळत नाही.

काही हौशी लोकांना नळ्या क्रोम करून चमकवाव्यात असं वाटतं. एफआयएने क्रोमला सरळ मनाई केली आहे. क्रोमच्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होऊ शकतं. शिवाय चकाकत्या थराखाली वेल्डची बारीक चीर दिसत नाही.

वजनाचाही हिशेब करू. ४५ बाय २.५ ची नळी मीटरला साधारण २.६ किलो भरते, ३८ बाय २.५ ची साधारण २.२ किलो. पिंजऱ्यात वीस-पंचवीस मीटर नळी गेली तर पन्नासेक किलो होतात, वर पायाच्या प्लेटा वेगळ्या. हजार-अकराशे किलोच्या गाडीसाठी हे थोडं नाही. पण तोवर मागची सीट, कार्पेट, डांबरी थर आणि अस्तर निघालेलं असतं, त्यामुळे बरीचशी भरपाई होते.

पायाखालचा पत्रा

पावसाळ्यात अंगणातल्या ओल्या मातीवर लोखंडी खाट टाकली की तिचे पाय रुततात. मग आपण प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवतो. पिंजऱ्याचंही तेच आहे. गाडीच्या तळाचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. त्यावर थेट नळी वेल्ड केली, तर गाडी उलटल्यावर नळी शाबूत राहील, पण पत्रा फोडून खाली निघून जाईल.

म्हणून पत्र्यावर आधी किमान ३ मिमी जाडीची पोलादी प्लेट वेल्ड करतात. मुख्य कमानीच्या आणि पुढच्या पायांसाठी तिचं क्षेत्रफळ किमान १२० चौरस सेंटिमीटर हवं, म्हणजे साधारण १० बाय १२ सेंटिमीटर. मागच्या तिरप्या नळ्यांसाठी ६० चौरस सेंटिमीटर पुरतं. अनुभवी फॅब्रिकेटर ही प्लेट सपाट जमिनीवर न ठेवता दाराखालच्या उंबऱ्याच्या पेटीवर आणि जमिनीवर अशी दोन्हीकडे चढवून वाकवतो. तो उंबरा हा छोट्या गाडीतला सर्वांत दणकट भागांपैकी एक. प्लेट तिथे पकडली की भार पत्र्याच्या घडीत उतरतो.

नट-बोल्टने बसणारा पिंजराही मिळतो. त्यात मुख्य कमानीच्या आणि पुढच्या प्रत्येक पायाला किमान तीन बोल्ट लागतात, तेही ८ मिमीचे आणि ८.८ प्रतीचे. तो पुन्हा काढता येतो हा त्याचा फायदा. पण वेल्ड केलेला पिंजरा गाडीच्या सांगाड्याचाच भाग होतो, सगळी गाडी कणखर करतो, आणि वळणावर तो फरक ड्रायव्हरला जाणवतो. रॅलीसाठी बहुतेक जण वेल्डचाच मार्ग धरतात.

छताजवळचा सांधा कसा जोडायचा?

या कामातली सगळ्यात डोकेबाज गोष्ट इथे आहे. नळी नळीला जोडताना तिचं टोक माशाच्या उघड्या तोंडासारखं कापतात, म्हणजे ते दुसऱ्या नळीला सगळीकडून बिलगतं. मग चारी बाजूंनी वेल्ड करायचं, सगळीकडे सारखं. पण नळी छताला चिकटून असेल, तर तिच्या वरच्या बाजूला वेल्डिंगची गन जाणार कशी? छत आणि नळी यांच्यात बोटही शिरत नाही.

आळशी उत्तर म्हणजे खालच्या बाजूने वेल्ड करायचं आणि वरची बाजू सोडून द्यायची. तपासनीस आरसा घालून बघतील तेव्हा बघतील. दुसरं उत्तर, नळी छतापासून चार बोटं खाली ठेवायची. म्हणजे गन जाते, पण ड्रायव्हरच्या डोक्यावरची जागा जाते.

कसलेले लोक काय करतात, तर पायांच्या प्लेटा शेवटी बसवतात. पिंजरा गाडीतच उभा करून टाके मारून घेतात. मग पायाखालच्या जागी तळाच्या पत्र्याला भोकं पाडून अख्खा पिंजरा त्या भोकांतून खाली उतरवतात. आता छत आणि नळी यांच्यात चांगली वितभर जागा झालेली असते. वरचे सगळे सांधे आरामात, चोहोबाजूंनी वेल्ड करायचे, पिंजरा पुन्हा वर उचलायचा, भोकांवर प्लेटा ठेवून त्या वेल्ड करायच्या आणि पाय त्यांच्यावर बसवायचे. काही जण पायाखाली छोट्या पेट्या बनवतात, त्या सरकवून काढतात आणि नंतर परत बसवतात. काही जण तर छताचा पत्राच कापून बाजूला ठेवतात आणि काम झाल्यावर पुन्हा चढवतात. मार्ग कोणताही घ्या, त्यात दिवस जातात. चांगल्या पिंजऱ्याची किंमत जास्त का, याचं बरंचसं उत्तर छताजवळच्या या वीतभर जागेत आहे.

डॅशबोर्ड आणि दारं

पुढच्या नळ्या काचेच्या खांबालगत खाली येताना डॅशबोर्डच्या कोपऱ्यांतून जातात. तिथे डॅशबोर्ड कापावा लागतो. पूर्ण फेकून द्यायचा की नाही, हे स्पर्धेच्या गटावर अवलंबून असतं. मूळ गाडीशी जवळीक राखणाऱ्या गटांत पिंजऱ्यापुरतं अस्तर कापायला किंवा वाकवायला परवानगी असते, अख्खे भाग काढून टाकायला नसते. फ्यूजचा डबा आड येत असेल तर तो हलवता येतो. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धा एफएमएससीआय या संघटनेच्या नियमांनी चालतात. त्यामुळे ग्राइंडर हातात घेण्याआधी आपल्या गटाची त्या वर्षाची नियमावली वाचलेली बरी. कापलेला डॅशबोर्ड परत जोडता येत नाही.

दारात दोन नळ्या फुलीसारख्या बसतात. त्या आत आल्या की दाराचं मूळ पॅनेल, त्यातला स्पीकर, बाटलीचा खण हे सगळं जातं. त्याजागी पातळ पत्र्याचं सपाट पॅनेल लावतात. मग गाडीत शिरायचं तर आधी एक पाय नळीवरून आत, मग कंबर, मग वाकून डोकं, मग दुसरा पाय. बघायला गंमत वाटते. पण गाडीने पेट घेतला असेल तर हीच कसरत उलट क्रमाने, काही सेकंदांत, हेल्मेटसकट करायची असते. नळ्या किती उंचीवर असाव्यात यावर नियमांनी बंधन घातलं आहे ते यासाठीच.

बाजूच्या धडकेचा धडा या खेळाने फार महाग शिकला. सप्टेंबर २००५ मध्ये वेल्स रॅलीत मार्को मार्टिनची प्यूजो ३०७ झाडावर आदळली, आणि आदळली ती नेमकी सहचालकाच्या बाजूने. सहचालक मायकेल पार्क यांचा मृत्यू झाला. दार आणि माणूस यांच्यामध्ये चेपायला फूटभरही जागा नसते. आता वरच्या पातळीवरच्या रॅली गाड्यांत दार आणि सीट यांच्यामध्ये धक्का पिणाऱ्या फोमचा जाड थर भरतात आणि सीट होईल तितकी आत घेतात.

सीट, पट्टे, हेल्मेट, पॅडिंग

आता खरा मुद्दा. पिंजरा बसला म्हणजे गाडी सुरक्षित झाली असं नाही. उलट या क्षणी ती आधीपेक्षा जास्त धोकादायक आहे.

तुमच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर आता पोलादी नळी आहे. आधी तिथे प्लॅस्टिकचं आवरण होतं, मऊ अस्तर होतं. साधा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा शरीराला थोडं पुढे आणि बाजूला जाऊ देतो, कारण तो एअरबॅगच्या जोडीने काम करायला बनवलेला असतो. एअरबॅग तर आपण काढून ठेवली. अशा गाडीत साधा पट्टा लावून, हेल्मेट न घालता बसलेल्या माणसाचं डोकं मध्यम वेगाच्या धडकेतही नळीवर आपटू शकतं.

म्हणून पिंजऱ्याबरोबर बाकीचा सरंजाम घ्यावाच लागतो. डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारी, न कलणारी शर्यतीची सीट. पाच किंवा सहा ठिकाणी बांधणारे पट्टे. खांद्यावरचे पट्टे सीटमागच्या आडव्या नळीला बांधायचे, आणि ते मागे जाताना फार खाली उतरता कामा नयेत. उतरले तर धडकेत ते पाठीच्या कण्यालाच खाली दाबतात. हेल्मेट आणि मान धरून ठेवणारं हॅन्स नावाचं उपकरण. सीट आणि पट्टे यांना मुदत असते, लेबलावर छापलेली. पट्ट्यांची साधारण पाच वर्षं. मुदत संपलेले पट्टे ‘अजून चांगले दिसतात’ म्हणून स्वस्तात विकले जातात, ते घेऊ नका.

पॅडिंगबद्दल तर हमखास फसगत होते. एसीच्या तांब्याच्या नळीवर असतो तसा काळा मऊ फोम बरेच जण पिंजऱ्यावर चढवतात. अंगठ्याने दाबला की तो नळीपर्यंत चेपतो. डोक्याच्या धक्क्यापुढे त्याचा काहीच उपयोग नाही. हेल्मेट लागू शकतं अशा जागी एफआयएच्या ८८५७-२००१ या मानकाचं पॅडिंग लागतं. ते हाताला चक्क कडक लागतं, आणि तसंच असायला हवं. शिवाय ते पटकन पेट घेत नाही.

पिंजऱ्यालाही जिथे हात टेकावे लागतात

कारखान्यात बनलेल्या पिंजऱ्याला एफआयएची मान्यता हवी असेल, तर त्याची चाचणी होते. गाडीचं वजन अधिक १५० किलो, या आकड्याच्या साडेसात पट भार मुख्य कमानीवर टाकतात. अकराशे किलोच्या गाडीसाठी हा भार नऊ टनांच्या वर जातो, आणि तेवढ्याने कमान ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त दबता कामा नये.

पण पिंजरा शेवटी नळ्यांचाच असतो आणि नळ्यांच्या मध्ये मोकळी जागा असते. फेब्रुवारी २०११ मध्ये फॉर्म्युला वनचा पोलिश ड्रायव्हर रॉबर्ट कुबित्सा इटलीतल्या एका छोट्या रॅलीत स्कोडा फाबिया चालवत होता. गाडी रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यावर आदळली आणि कठड्याची पट्टी पुढून थेट गाडीच्या आत घुसली. पिंजरा मोडला नव्हता. पट्टी नळ्यांच्या मधून आली. कुबित्साच्या उजव्या हाताला इतकी भयंकर दुखापत झाली, की फॉर्म्युला वनच्या शर्यतीत परतायला त्याला २०१९ उजाडलं. शेजारी बसलेल्या सहचालकाला काहीही झालं नाही.

मग रोजच्या गाडीत बसवावा का?

नाही.

एक कारण वर आलंच: हेल्मेट न घालता पिंजऱ्यात बसणं धोक्याचं. बाजारात जाताना कोणी हेल्मेट, हॅन्स आणि सहा ठिकाणी बांधलेले पट्टे घालून बसत नाही. मागची सीट गेलेली, एअरबॅग गेलेल्या. मागे लहान मूल बसवायचा विचारही नको. महिंद्रा थारसारख्या गाडीत कंपनीनेच पिंजरा दिलेला असतो, ती गोष्ट वेगळी. तिथे पिंजरा, पट्टे, एअरबॅग आणि आतली आवरणं यांचा एकत्र विचार करून चाचण्या झालेल्या असतात.

दुसरं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किटसारख्या काही बदलांना परवानगीची सोय आहे, पण मागच्या सीट काढून पिंजरा वेल्ड करण्याला ती लागू पडत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करता येणार नाहीत हे स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ बदललं. त्यानुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलावरून दावा अडकू शकतो तो वेगळाच. म्हणून शर्यतीच्या गाड्या मैदानापर्यंत ट्रेलरवरून नेण्याची पद्धत आहे.

तयार पिंजऱ्याची सेकंडहँड रॅली गाडी विकत घेणार असाल, तर रंगाकडे बघू नका. छताजवळच्या सांध्यांमागे छोटा आरसा धरून वेल्ड चारी बाजूंनी आहे का ते पाहा. पायांखालच्या प्लेटा गाडीच्या खालून तपासा, कडेला गंज किंवा चीर आहे का ते बघा. वळणांवरून बोट फिरवा, नळी चपटी लागते का. नळीची जाडी बाहेरून कळत नाही, ती अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजून घ्या. काही देशांत तर नियमानेच नळीला पाच-सहा मिलिमीटरचं एक भोक पाडून ठेवतात, तपासनिसाला आतली जाडी मोजता यावी म्हणून. आणि ती गाडी कधी उलटली होती का, हे विचारा. मान्यताप्राप्त पिंजरा एकदा वाकला, की तो बनवणाऱ्याच्या संमतीशिवाय त्याला वेल्ड मारून दुरुस्त करायला नियमात परवानगी नाही.